घास अडकायचा थांबला, म्हणजे इओसिनोफिलिक इसोफेजायटिस गेला का?

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचं वय ३६. तीन महिन्यांपूर्वी एका लग्नात मटणाचा तुकडा छातीत अडकला. पाणीसुद्धा खाली उतरेना, म्हणून रात्रीच एन्डोस्कोपी करून तो काढावा लागला. त्या वेळी घेतलेल्या बायोप्सीत एका हाय पॉवर फील्डमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली एका वेळी दिसणाऱ्या भागात) ४० इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, दिसल्या आणि इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे या पेशींमुळे येणारी अन्ननलिकेची सूज, असं निदान झालं. पँटोप्राझोल दिवसातून दोन वेळा सुरू आहे. दोन महिन्यांत एकदाही घास अडकला नाही. आता ते विचारतात: गोळ्या बंद करू का? हा आजार आयुष्यभर राहणार का? आणि पुढे याचा कॅन्सर होतो का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण रात्रीची झोप त्यानेच उडते. नाही, या आजाराचा कॅन्सर होत नाही. हा आजार स्वतंत्र म्हणून ओळखला गेला त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत अन्ननलिकेच्या कॅन्सरशी त्याचा संबंध दिसलेला नाही. आयुष्यमान कमी होत नाही. मोठ्या माणसांचं वजन सहसा उतरत नाही. आजार अन्ननलिकेतच राहतो, जठरात किंवा आतड्यात पसरत जात नाही. एवढी खात्री मनात ठेवून पुढचं वाचा, कारण पुढचं थोडं कडू आहे.

आजार मुरलेला असतो आणि बहुतेकांत कायमचा असतो. गोळ्या आत्ता स्वतःहून बंद करू नका. आधी पुन्हा एन्डोस्कोपी आणि बायोप्सी करून घ्या. घास न अडकणं ही चांगलीच गोष्ट आहे, पण आतली सूज गेली याचा तो पुरावा नाही. गेली अनेक वर्षं हे रुग्ण पाहताना हीच एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावी लागते, म्हणून इथे ती सविस्तर सांगतो.

आत नेमकं काय चालतं ते आधी पाहू. अन्ननलिकेच्या निरोगी अस्तरात इओसिनोफिल पेशी नसतात. ज्यांची प्रकृती ॲलर्जीची आहे, म्हणजे दमा, सकाळच्या शिंका, इसब असं काही स्वतःला किंवा घरात कुणाला असतं, त्यांच्यापैकी काहींच्या अन्ननलिकेला रोजच्याच एखाद्या अन्नातलं प्रथिन सोसत नाही. मग या पेशी तिथे गोळा होतात आणि अस्तर सुजतं. एका हाय पॉवर फील्डमध्ये १५ किंवा त्याहून जास्त पेशी दिसल्या आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर हे निदान पक्कं धरतात. रक्ताच्या रिपोर्टमधला इओसिनोफिलचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. आपल्याकडे तो जंतांमुळे, दम्यामुळे, आणखी दहा कारणांनी वाढतो, आणि या आजारात तो कित्येकदा नॉर्मलच असतो.

सूज वर्षानुवर्षं राहिली की अस्तराखालच्या थरात व्रण, म्हणजे जखम भरल्यावर राहतो तसा ताठ, चिवट भाग, धरू लागतो. मऊ, ताणली जाणारी नळी हळूहळू ताठ होते, तिच्यात गोल वळ्या पडतात, मग एखादी जागा आवळली जाते किंवा सगळी नळीच अरुंद होते. एन्डोस्कोपीत हे सगळं डोळ्यांना दिसतं: सुरुवातीच्या काळात उभे चर, पांढरे ठिपके आणि फिकट, सुजलेलं अस्तर. जुन्या आजारात एकाखाली एक कडी, श्वासनलिकेत असतात तशी. अशा जुन्या रुग्णाची बायोप्सी घेताना चिमट्याला जो ओढा लागतो, तो हाताला लगेच कळतो. निरोगी अस्तराचा तुकडा अलगद सुटून येतो, इथे मात्र तो ओढून काढावा लागतो. त्या ओढ्यावरूनच कळतं की हा आजार दोन-चार महिन्यांचा नाही.

आता आजाराचा लांबचा प्रवास. १९९३ मध्ये स्टीफन ॲटवुड आणि सहकाऱ्यांनी १२ मोठ्या माणसांचं वर्णन केलं: घास अडकतो, अन्ननलिकेत इओसिनोफिल भरलेल्या आहेत, पण ॲसिडच्या तपासण्या नॉर्मल. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या ॲलेक्स श्ट्राउमान यांनी असेच रुग्ण मांडले. श्ट्राउमान यांचं वैशिष्ट्य असं की ते आपल्या रुग्णांच्या मागे वर्षानुवर्षं राहिले. २००३ मध्ये त्यांनी ३० रुग्णांचा हिशेब दिला. त्यातले काही साडेअकरा वर्षांपर्यंत पाहिलेले होते. त्या काळी या आजाराला ठरलेलं औषध नव्हतं, त्यामुळे आजार आपल्या गतीने कसा जातो हे त्यातून कळलं. जवळजवळ सगळ्यांचाच घास अडकण्याचा त्रास चालू राहिला. सूज राहिली, व्रण वाढला. पण वजन, एकूण तब्येत शाबूत राहिली, आणि कॅन्सर एकालाही झाला नाही.

दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्याच २०० रुग्णांवरून जे समोर आलं ते मी प्रत्येक नव्या रुग्णाला सांगतो. पहिल्या त्रासापासून निदानापर्यंत दोन वर्षांच्या आत पोचलेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांची अन्ननलिका आवळलेली होती. वीस वर्षांहून जास्त काळ निदानाविना गेलेल्यांत हेच प्रमाण सुमारे ७१ टक्के. या रुग्णांना निदान व्हायलाच साधारण सहा वर्षं लागली होती. अर्थ उघड आहे. आजार जिवावर उठत नाही, पण त्याला वर्षं दिली की तो ती नळी आवळण्यात घालवतो. उपचार सुरू होऊन मध्येच बंद पडलेल्यांची गतही तीच. काही वर्षं दवाखान्याकडे न फिरकलेले रुग्ण परततात तेव्हा व्रण वाढलेला सापडतो.

हे प्रत्येकाचं होतंच असं नाही. काहींची सूज वीस वर्षांनीही सूजच राहते, काहींची नळी तिशीतच अरुंद होते. पहिल्या भेटीत कोण कुठल्या वाटेने जाणार हे छातीठोक सांगता येत नाही, म्हणूनच सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं.

निदानाला इतकी वर्षं का लागतात, ते जेवणाच्या ताटाकडे पाहिलं की समजतं. ‘गिळायला त्रास होतो का?’ असं विचारलं तर दहातले सात जण नाही म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. मग मी दुसरे प्रश्न विचारतो. जेवताना पाणी किती लागतं? घरात सगळ्यात शेवटी ताटावरून कोण उठतं? चिकनचे तुकडे आधी बारीक करून घेता का? भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय खाल्ली असं शेवटचं कधी झालं? मोठी गोळी मोडून घेता का? बाहेर जेवायला गेल्यावर काय मागवता? इथे बहुतेक वेळा उत्तर बायको देते: ‘अहो डॉक्टर, यांना प्रत्येक घासाला पाणी लागतं, आणि बटाटेवडा तर हे वर्षानुवर्षं खात नाहीत, घशाशी बसतो म्हणतात.’ नवरा तिच्याकडे पाहत राहतो. त्याच्या लेखी ती त्याची सवय असते. तो सावकाश जेवणारा माणूस म्हणून घरात ओळखला जातो, आणि सावकाश जेवणं ही तर आपल्याकडे चांगली सवय मानतात.

म्हणून तुम्हालाही विचारतो. दोन महिन्यांत घास अडकला नाही म्हणता, पण या दोन महिन्यांत मटण खाल्लंत का? कोरडी पोळी-भाजी, पाण्याचा तांब्या जवळ न घेता, इतरांच्या वेगाने संपवलीत का? त्या रात्रीच्या भीतीने तुम्ही मऊ भात-वरणावर आला असाल, तर आजाराची परीक्षा झालेलीच नाही.

सवयी बाजूला ठेवल्या तरी लक्षणं आणि सूज यांचं नातं सैलच असतं. छातीत काहीही होत नसताना बायोप्सीत ६० पेशी सापडतात. उलट सूज पूर्ण गेलेली असते, पण जुन्या व्रणाने नळी अरुंद राहिल्यामुळे घास अडकत राहतो. पहिल्या माणसाला औषध हवं असतं, दुसऱ्याची नळी रुंद करावी लागते. नुसतं ‘कसं वाटतंय’ विचारून हे दोघे वेगळे ओळखता येत नाहीत.

तर औषधांकडे येऊ. तुम्हाला दिलेली पँटोप्राझोल ही आपण ॲसिडिटीची गोळी म्हणून ओळखतो. पण या गटातल्या गोळ्या इओसिनोफिलना अन्ननलिकेत बोलावणारा रासायनिक संदेशही दाबतात. पूर्वी या गोळीने जे बरे होत, त्यांचा आजार वेगळाच असं मानत. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने तो भेद काढून टाकला. आजार एकच, गोळी हा त्यावरचा एक उपचार. साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्या कमी रुग्णांची सूज एवढ्यानेच उतरते. तुम्ही त्या भाग्यवान गटात आहात की नाही, हे आठ ते बारा आठवड्यांनंतरची बायोप्सीच सांगेल. असाल तर डोस हळूहळू कमी करून सर्वांत कमी पुरेशा डोसवर राहता येतं. ‘इतकी वर्षं ॲसिडिटीची गोळी घेतली तर किडनी जाईल’ असं व्हॉट्सॲपवर फिरतं. गरजेपुरत्या डोसवर, डॉक्टरांच्या नजरेखाली ही गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षं चालते. त्या भीतीपोटी ती सोडून अन्ननलिका आवळू देणं हा फार महागाचा सौदा आहे.

गोळीने भागलं नाही तर गिळायचं स्टेरॉइड. स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण इथे औषध अन्ननलिकेच्या अस्तराला चोपडायचं असतं, रक्तात त्यातलं थोडंच जातं. युरोपात २०१८ पासून ब्युडेसोनाइडची तोंडात विरघळणारी गोळी खास या आजारासाठी मिळते. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर नेब्युलायझरसाठी येणारी ब्युडेसोनाइडची रेस्प्यूल (पातळ औषधाची छोटी कुपी) मधासारख्या दाट पदार्थात कालवून गिळायला सांगतात, किंवा फ्लुटिकासोनचा दम्याचा इनहेलर स्पेसरशिवाय (पुढे जोडायच्या पोकळ नळीशिवाय) तोंडात मारून, श्वास आत न ओढता, गिळायला सांगतात. नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर औषध सरळ जठरात वाहून जातं. त्यानंतर चूळ भरायची. काहींना तोंडात किंवा अन्ननलिकेत पांढरी बुरशी येते. ती साध्या औषधाने जाते.

तुमच्या ‘बंद करू का’ या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उत्तर याच ब्युडेसोनाइडच्या गोळीच्या एका चाचणीत आहे. सूज पूर्ण उतरलेल्या रुग्णांपैकी काहींना ४८ आठवडे औषध चालू ठेवलं, काहींना नकळत नुसती बिनऔषधाची गोळी दिली. औषधावर असलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के वर्षाअखेर चांगले राहिले. बिनऔषधाच्या गटात फक्त ४ टक्क्यांच्या आसपास. त्यांच्यापैकी निम्म्यांचा आजार साधारण तीन महिन्यांत परतला होता. याहून जुन्या एका स्विस अभ्यासात डोस फारच कमी ठेवला होता. तिथे औषध चालू असूनही बहुतेकांची सूज परत आली. म्हणजे औषध चालू ठेवायचं, आणि पुरेसं ठेवायचं.

आता आहार. हा भाग मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण इथे कारणावरच घाव घालता येतो. पण अर्धवट केला तर त्यातून काहीच कळत नाही आणि माणूस उगाच उपाशी राहतो. सर्वांत जास्त दोष येतो तो दूध आणि गहू यांवर. त्यांच्या पाठोपाठ अंडी, सोया, शेंगदाणे आणि सुकामेवा, मासे आणि कोळंबी-खेकडे. पूर्वी हे सहाही गट एकदम बंद करत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १२९ प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी सहाही गट सोडलेल्यांपैकी ४० टक्क्यांची सूज उतरली, आणि फक्त प्राण्यांचं दूध सोडलेल्यांपैकी ३४ टक्क्यांची. फरक नगण्य. म्हणून हल्ली मी दुधापासून सुरुवात करायला सांगतो, फार तर दूध आणि गहू.

दूध बंद म्हणजे चहातलं दूध, दही, ताक, लोणी, पनीर, खवा, मिठाई, बिस्किटं, सगळंच. तुपातही दुधाच्या प्रथिनाचा अंश राहू शकतो, म्हणून परीक्षेच्या काळात तेही बाजूला ठेवावं. गहू सोडणं मराठी घरात तुलनेने सोपं आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ हे सगळं आपल्या चुलीवर आधीपासूनच आहे. पण रवा, मैदा, शेवया लक्षात राहतात आणि हिंग विसरतो. बाजारातल्या कित्येक हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. रोजच्या फोडणीतून ते पोटात जातं आणि दीड-दोन महिन्यांच्या पथ्याचा निकाल चुकतो. डबीवरचं घटकांचं लेबल वाचा. भाकरीवर आलात तर ती आमटीत किंवा पालेभाजीच्या रसात भिजवून खा. अरुंद अन्ननलिकेला कोरडी भाकरी पोळीपेक्षा जड जाते.

पथ्य सहा ते आठ आठवडे काटेकोर, मग बायोप्सी. सूज उतरली असेल तर एकेक पदार्थ परत आणायचा आणि पुन्हा पाहायचं. यात एन्डोस्कोप्या वाढतात, खर्च वाढतो, हे खरं आहे. पण दोषी पदार्थ एकदा सापडला की काही जण वर्षानुवर्षं औषधाविना राहतात. ज्यांच्या घरात स्वयंपाक वेगळा करणं शक्य नाही, ज्यांचं काम फिरतीचं आहे, त्यांना मी आहाराचा आग्रह धरत नाही. औषधानेही तेच साधतं. एक विनंती मात्र करतो. रक्तातून दीडशे-दोनशे पदार्थांची ॲलर्जी सांगणाऱ्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. या आजारातला दोषी पदार्थ मोठ्या माणसांत त्या तपासण्यांतून किंवा त्वचेवरच्या चाचणीतून भरवशाने सापडत नाही. आणि त्या यादीच्या धाकाने माणसं वांगं, टोमॅटो, डाळ असं काहीबाही सोडत बसतात.

एवढ्यानेही सूज हटली नाही तर ड्युपिलुमॅबचं इंजेक्शन आहे. दम्यात आणि इसबात ते वापरलं जातंच. या आजारासाठी अमेरिकेत मे २०२२ मध्ये मान्यता मिळाली, दर आठवड्याला ३०० मिलिग्रॅम. चाचण्यांत साठ टक्क्यांच्या जवळपास रुग्णांची सूज उतरली. किंमत आपल्याकडे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून ते शेवटच्या फळीतलं औषध. दमा किंवा इसबही तीव्र असेल तर त्याचा विचार आधी होतो.

आणि नळी आधीच आवळलेली असेल तर ती रुंद करणं, डायलेटेशन. फुगा किंवा जाडी वाढत जाणाऱ्या नळ्या वापरून, एका बैठकीत थोडंच, अशा टप्प्यांनी साधारण १६ ते १८ मिलिमीटरपर्यंत नेतात. नंतर दोन-चार दिवस छाती दुखते, ते अपेक्षितच असतं. पूर्वी या आजारात अन्ननलिका फाटेल म्हणून डॉक्टर डायलेटेशनला बिचकत. सावकाश केल्यास तो धोका एक टक्क्याहून बराच कमी आहे, हे आता पक्कं झालं आहे. घास लगेच सुटा उतरू लागतो आणि रुग्ण खूश होतो. नेमक्या याच टप्प्यावर बरेच जण गायब होतात. डायलेटेशनने सुजेला काहीही होत नाही. औषध किंवा पथ्य सोबत नसेल तर नळी परत आवळते.

पुन्हा कधी घास अडकला तर काय करायचं तेही सांगतो. आपल्याकडे माशाचा काटा अडकला की भाताचा कोरडा गोळा किंवा केळं गिळायला देतात. इथे ते अजिबात करू नका, अडकलेल्यावर आणखी भर पडते. घशात बोटं घालून ओकारी काढू नका, सुजलेलं अस्तर त्या जोराने फाटू शकतं. शांत बसा, काही मिनिटं वाट पाहा. स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नसेल, छातीत जोराची कळ येत असेल, तर थेट एन्डोस्कोपीची सोय असलेलं रुग्णालय गाठा, सकाळपर्यंत थांबू नका. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर एक क्षणही नाही. हे वाचणाऱ्या आणखी कुणाचा घास असा दुर्बिणीने काढला असेल आणि तेव्हा बायोप्सी घेतली नसेल, तर परत जाऊन ती करून घ्या. तुमच्या डॉक्टरांनी त्याच रात्री बायोप्सी घेतली, हे फार चांगलं केलं.

तर तुमच्यासाठी पुढचं असं. पँटोप्राझोल चालू ठेवा. सुरू केल्यापासून आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान एन्डोस्कोपी ठरवा, आणि तपासणीच्या आधी ‘आता बरं आहे’ म्हणून गोळ्या थांबवू नका, नाहीतर गोळीचा गुण कळणारच नाही. किमान सहा तुकडे घ्यावेत, वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही भागांतून, कारण सूज सगळीकडे सारखी नसते. सूज उतरलेली दिसली तर वर्ष-दीड वर्षाने पुन्हा पाहू. नसेल उतरली तर स्टेरॉइड किंवा दुधाचं पथ्य. औषध बदललं की पुन्हा काही आठवड्यांनी बायोप्सी. सर्दी-शिंका किंवा दमा असेल तर त्याचे उपचार वेगळे चालू ठेवा. मुलांची काळजी वाटत असेल तर घरात हा आजार असल्याने त्यांना होण्याची शक्यता थोडी वाढते, पण बहुतेकांना तो होत नाही. मुलं जेवायला फार वेळ लावत असतील किंवा घास तोंडात धरून ठेवत असतील, तरच दाखवा.

रिपोर्ट हातात आला की त्यात दोन गोष्टी शोधा: एका हाय पॉवर फील्डमधला इओसिनोफिलचा सर्वांत मोठा आकडा, आणि अन्ननलिकेत वळ्या किंवा आवळलेली जागा आहे का, असल्यास तिथून नेहमीची दुर्बीण सहज गेली का. नुसतं ‘इओसिनोफिल वाढलेले’ किंवा ‘अन्ननलिकेला सूज’ असं लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना सांगून दोन्ही लिहून घ्या. पुढच्या खेपेला तुलना याच्याशीच होणार आहे. आधीचे सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा, गाव किंवा डॉक्टर बदललात तरी ती फाइल सोबत न्या.